मशीनच्या सुईने काढा आपल्या मोत्याचे चित्र

आपल्या घरांच्या भिंतींवर लग्नाचे फोटो असतात, मुलांचे शाळेतले फोटो असतात, वडीलधाऱ्यांच्या तसबिरी असतात. दहा-बारा वर्षे दारात बसून राखण करणाऱ्या कुत्र्याचे चित्र मात्र क्वचितच कोणाच्या घरात दिसते. तो लहानाचा मोठा होतो, म्हातारा होतो आणि एक दिवस जातो. मग घरातले एखादे पोर विचारते, "आपल्या मोत्याचा कोणता कान पडलेला होता गं, उजवा की डावा?" मोठ्या माणसांनाही ते चटकन सांगता येत नाही. मोबाईलमध्ये फोटो असतो खरा, पण मोबाईल बिघडला की तोही गेला.

अशा मुक्या सोबत्याचे चित्र शिवणाच्या मशीनवर रंगीत दोऱ्याने कसे भरावे, याची माहिती आज देत आहे. त्यासाठी चित्रकलेची परीक्षा दिलेली असण्याची गरज नाही. ज्या भगिनीला मशीनवर सरळ टीप मारता येते, तिला थोड्या सरावाने हे काम जमते. ज्यांना यातून चार पैसे मिळवायचे असतील त्यांच्यासाठी शेवटी हिशेबही मांडला आहे. तो भाग कोणी वगळू नये, ही विनंती. आपल्या भगिनींच्या हातची कितीतरी कला वहीत न मांडल्यामुळेच फुकट जाते.

मशीन तेच, चालवणारा हात आपला

साधी टीप मारताना कापड कोण सरकवते? सुईखालचे दाते. वरून मशीनचा फूट कापड दाबून धरतो आणि खालून दाते ते एकेक पाऊल पुढे ढकलतात. म्हणून टीप सरळ आणि एका मापाची पडते. आता फूट काढला आणि दाते खाली बसवले, तर सुई आपल्या जागी वर-खाली होत राहते, पण कापडाला चालवणारे कोणी उरत नाही. मग रिंगमध्ये ताणून बसवलेले कापड आपण दोन्ही हातांनी पुढे, मागे, आडवे, गोल असे हवे तिकडे न्यायचे. पेन्सिल एका जागी धरून खालचा कागद हलवला तर जशी रेघ उमटेल, तशीच ही दोऱ्याची रेघ उमटते. या पद्धतीला इंग्रजीत 'फ्री मोशन' म्हणतात. आपल्याकडे शिवणवर्गात मशीन एम्ब्रॉयडरी शिकवतात, तिचा पाया हाच.

हे तंत्र जुने आहे. आयझॅक सिंगर यांना शिवणयंत्राचे पेटंट अमेरिकेत १८५१ साली मिळाले. पुढे १९११ साली सिंगर कंपनीने मशीनवर भरतकाम आणि लेस कशी करावी याचे धडे देणारे पुस्तक काढले. ते धडे पायाने चालवायच्या मशीनवर करता येण्यासारखे होते. तेव्हा ज्यांच्या घरी काळ्या रंगाचे साधे पायमशीन आहे, त्यांनी कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आजचे उदाहरण पंजाबातील पतियाळाच्या अरुण कुमार बजाज यांचे. त्यांचे वडील शिवणकाम करीत. वडील अकाली वारल्यावर अरुण यांना शाळा सोडून दुकान सांभाळावे लागले. शिवणाच्या मशीनवर दोऱ्याने चित्रे काढण्याची कला त्यांनी वाढवली आणि लोक त्यांना 'नीडल मॅन' म्हणून ओळखू लागले. माणसांचे हुबेहूब चेहरे ते दोऱ्याने उभे करतात. पोटासाठी हाती आलेल्या मशीनवर एवढे काम होऊ शकते, हे यावरून दिसते.

साहित्य

कापड जाडसर सुती घ्यावे. मांजरपाट किंवा जाड खादी उत्तम. पातळ वा ताणले जाणारे कापड घेऊ नये. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, म्हणजे नंतर आटत नाही. कापडाच्या मागे आधार हवाच. त्यासाठी बक्रम किंवा खळ घातलेले जुने सुती कापड चालते. आधार नसेल तर दाट टाके पडताच कापड गोळा होते आणि चित्राभोवती चुण्या पडतात.

लाकडी रिंग सात-आठ इंचांची, कमी जाडीची घ्यावी, म्हणजे ती सुईखालून आत सरकते. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली की कापड घसरत नाही. सुई नवी, ११ किंवा १४ नंबरची असावी. दोऱ्यांत घाई करू नये. तपकिरी कुत्रा म्हणून एकच तपकिरी रीळ आणले तर चित्र मातीच्या खेळण्यासारखे सपाट दिसेल. फिक्या बदामीपासून गडद कॉफी रंगापर्यंत पाच-सहा छटा, शिवाय काळा, पांढरा आणि थोडा करडा एवढे दोरे पुरतात. भरतकामाचा रेशमी दोरा चमकतो, शिवणाचा साधा दोरा चमकत नाही. आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला साधा दोरा शोभतो आणि तो स्वस्तही पडतो. नाक आणि डोळे यांसाठी चमकणारा दोरा राखून ठेवावा.

आधी प्राणी नीट पाहा

मशीन उघडण्यापूर्वी फोटो. तो दिवसाच्या उजेडात, दाराजवळ, फ्लॅश न लावता काढावा. आपण उभे राहून वरून काढलेल्या फोटोत डोके मोठे आणि पाय बारीक दिसतात. म्हणून खाली बसावे आणि मोबाईल प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. घरातला प्राणी म्हातारा झाला असेल तर फोटो याच आठवड्यात काढून ठेवावा, चित्र सवडीने होईल.

फोटो झेरॉक्सच्या दुकानातून एका पानावर मोठा करून आणावा. एक प्रत रंगीत आणि एक काळी-पांढरी. रंगीत प्रतीत आपल्याला फक्त रंग दिसतो, काळ्या-पांढऱ्या प्रतीत उजेड कुठे आणि सावली कुठे ते कळते. चेहरा ओळखू येतो तो मुख्यतः या उजेड-सावलीमुळे.

आता केसांची दिशा पाहावी. कुत्र्याला गोंजारताना हात ज्या दिशेने सहज जातो तीच केसांची दिशा. नाकाच्या वरून केस कपाळाकडे जातात, कपाळावरून दोन कानांच्या मधून मानेकडे जातात. गालावरचे केस मागे वळतात, कानावरचे केस टोकाकडे जातात. फोटोच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीवर पेनाने छोटे बाण काढून ठेवावेत. पुढचे सगळे टाके या बाणांच्या दिशेने टाकायचे आहेत. रंग थोडा चुकला तरी चालतो. टाक्यांची दिशा चुकली तर कुत्र्याला कातडीऐवजी गोणपाट पांघरल्यासारखे दिसते.

डोळ्यांकडेही लक्ष द्यावे. कुत्र्याची बाहुली गोल असते. मांजराची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी होते. शेळीची बाहुली आडवी आणि लांबट असते. माणसाच्या डोळ्यात पांढरा भाग बराच दिसतो, कुत्र्या-मांजराच्या डोळ्यात तो जवळजवळ दिसतच नाही. पांढरा दोरा जास्त वापरला की कुत्रा माणसासारखा डोळे वटारून पाहू लागतो.

मशीनची तयारी

मशीन पुसून, तेल घालून, जुन्या चिंधीवर चालवून घ्यावे, म्हणजे चित्रावर तेलाचा डाग पडणार नाही. मग स्क्रू सैल करून फूट काढावा. काही मशीनना दाते खाली बसवण्याची सोय असते. ती नसेल तर दात्यांवर बसवायची प्लेट मशीनच्या दुकानात मागावी. टाक्याची लांबी शून्यावर आणावी.

यानंतरची गोष्ट अनेकजणी विसरतात. फूट काढलेला असला तरी फूट वर-खाली करण्याचा खटका टीप मारताना खालीच असला पाहिजे. खटका खाली असतो तेव्हाच वरच्या दोऱ्याला ताण मिळतो. तो वर राहिला तर कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतो आणि दोष बिचाऱ्या मशीनला दिला जातो. वरच्या दोऱ्याचे टेन्शन नेहमीपेक्षा किंचित सैल करावे. कापड उलटून पाहिल्यावर वरचा दोरा मागे थोडासा दिसला तर ताण बरोबर आहे असे समजावे. बॉबिनचा दोरा वर डोकावू लागला तर टेन्शन आणखी सैल करावे.

रिंग हाताच्या भरतकामाच्या उलट बसवायची असते. मोठे कडे खाली ठेवावे, त्यावर कापड सुलटे पसरावे आणि लहान कडे वरून आत दाबावे. असे केले की कापड मशीनला चिकटून राहते. बोटाने टिचकी मारल्यावर डफासारखा आवाज येईल इतके ते ताणलेले असावे. फूट नसल्यामुळे कापड दाबून धरण्याचे काम आता या ताणालाच करायचे असते. कापड सैल राहिले तर ते सुईबरोबर वर उचलले जाते आणि टाके सुटतात.

एक सावधगिरी. फूट नसल्यामुळे सुईपुढे आडोसा राहत नाही. बोटे रिंगच्या कडेवर ठेवावीत, सुईच्या जवळ नेऊ नयेत. सुईत दोरा ओवताना पाय पायटावरून काढून घ्यावा. लहान मुले शेजारी असतील तर हे काम करू नये. ज्यांना भीती वाटते त्यांनी स्प्रिंगचा डार्निंग फूट विकत घ्यावा, तो लावूनही कापड मोकळे फिरवता येते.

आठ दिवसांचा सराव

पहिल्याच दिवशी मोत्याला हात घालू नये. जुन्या चादरीचा तुकडा रिंगमध्ये बसवून रोज अर्धा तास सराव करावा. पहिल्या दिवशी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा, दुसऱ्या दिवशी गोल, मग पाने, मग आपले नाव. रिंग गाडीच्या चाकासारखी फिरवू नये. तिचे तोंड एकाच बाजूला ठेवून ती पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवावी. पाय एकाच लयीत चालावा आणि हात त्या मानाने संथ असावा. हात पळाला तर टाका लांब पडतो, सुई वाकते, मोडते. हात थबकला आणि पाय चालू राहिला तर एकाच जागी टाक्यांची गाठ होते. दोन-तीन मिलिमीटरचा टाका न मोजता पडू लागला, की हात तयार झाला असे समजावे.

चित्र भरताना

झेरॉक्सवरून बाहेरची रेघ, डोळे, नाक, कान आणि रंग बदलण्याच्या जागा एवढेच कापडावर उतरवावे. शिवणकामाचा पिवळा किंवा पांढरा कार्बन वापरावा. कार्यालयात वापरतात तो निळा कार्बन कापडाला कायमचा डाग पाडतो. कार्बन नसेल तर दिवसा खिडकीच्या काचेवर कागद आणि त्यावर कापड धरून पेन्सिलीने गिरवावे.

दोरा आणि वेळ वाचवण्याची एक युक्ती आहे. शिंप्याकडच्या कात्रणातून कुत्र्याच्या अंगाच्या रंगाचा तुकडा निवडावा, तो कुत्र्याच्या आकारात कापून मूळ कापडावर बारीक टीप मारून बसवावा. अंगाचा मुख्य रंग आयता मिळतो. दोऱ्याचे काम मग छाया आणि केस दाखवण्यापुरते उरते.

टीप सुरू करताना एक टाका घेऊन बॉबिनचा दोरा वर काढावा, दोन्ही टोके धरून जागच्या जागी तीन-चार टाके घ्यावेत आणि नंतर टोके कापावीत. डोळे आणि नाक आधी भरावे. डोळे साधले नाहीत तर बाकीचे काम वाया जाते, म्हणून त्याची परीक्षा सुरुवातीलाच व्हावी. बाहुली काळी, तिच्याभोवती गडद तपकिरी, डोळ्याची कड काळी. नंतर अंगावर मधली छटा, मग सावलीच्या जागी गडद छटा आणि सर्वांत शेवटी उजेडाच्या जागी फिकी छटा. एका छटेची कड सरळ कापल्यासारखी ठेवू नये. टाके कमी-जास्त लांबीचे टाकून एक छटा दुसरीत शिरू द्यावी. सगळे कापड दोऱ्याने लिंपून काढण्याचीही गरज नाही. फार दाट भरले की कापड पुठ्ठ्यासारखे होते आणि सुया मोडतात.

मिशांचे लांब केस हातानेच एकेका धाग्याने घालावेत. अगदी शेवटी दोन्ही डोळ्यांत पांढऱ्या दोऱ्याचे दोन-तीन टाके घेऊन उजेडाचा ठिपका द्यावा. दोन्ही ठिपके एकाच बाजूला हवेत, कारण उजेड एकाच खिडकीतून आलेला असतो. या ठिपक्याने चित्र पाहू लागते.

पुरे झाल्यावर चित्र जाड टॉवेलवर उलटे ठेवून मागून इस्त्री करावी आणि पुठ्ठ्यावर ताणून फ्रेम करावी. ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये, पावसाळ्यात बुरशी धरते. थेट उन्हातही लावू नये, दोऱ्याचा रंग उडतो.

आता हिशेब

शेजारी-पाजारी चित्र पाहतील आणि "आमच्याही मांजराचे करून दे" म्हणतील. तेव्हा किती रुपये सांगायचे? बहुतेक भगिनी समोरच्याचा चेहरा पाहून आकडा सांगतात. तसे करू नये. खाली दिलेले आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, आपापल्या गावचे भाव घालून प्रत्येकीने हिशेब मांडावा.

समजा, तुमच्या भागात शिवणकामाचा आठ तासांचा रोज ४८० रुपये आहे. म्हणजे तासाला ६० रुपये. फोटो गिरवण्यापासून इस्त्रीपर्यंत एका चित्राला १५ तास लागले, तर मजुरी झाली ९०० रुपये. कापड, बक्रम, दोरे, सुया आणि झेरॉक्स मिळून १६० रुपये. फ्रेम २४० रुपये. तेल, वीज आणि मशीनची झीज ५० रुपये. एकूण खर्च १,३५० रुपये. त्यावर २० टक्के नफा म्हणजे २७० रुपये. किंमत झाली १,६२० रुपये.

आता कोणी म्हणाले, "घरबसल्या तर करतेस, पाचशे घे." सामान, फ्रेम आणि झीज यांचे ४५० रुपये वजा केले तर हाती राहतात ५० रुपये, तेही १५ तासांचे. तासाला साडेतीन रुपयेसुद्धा पडले नाहीत. घरात मात्र "पाचशे मिळाले" म्हणून आनंद होतो. हा तोटा कोणाला दिसत नाही, कारण बाईचे तास कोणी लिहिलेले नसतात. दुपारी दोन तास, रात्री जेवणे उरकल्यावर एक तास, असे तुकड्या-तुकड्याने केलेले कामही कामच आहे. म्हणून मशीनच्या खणात एक छोटी वही ठेवावी. बसताना वेळ लिहावी, उठताना वेळ लिहावी. आणलेल्या प्रत्येक रिळाची किंमत लिहावी. पहिली दोन-तीन चित्रे घरच्यासाठी केली तरी तास लिहिण्याची सवय तेव्हापासूनच लावावी.

गिऱ्हाईकाचे काम घेताना निम्मे पैसे विसार म्हणून घ्यावेत. फोटो अंधुक असेल तर चित्र हुबेहूब होणार नाही, हे आधीच सांगावे. कोणाला खरेच परवडत नसेल तर चित्र लहान करावे, नुसता चेहरा करावा, फ्रेम त्यांनाच करायला सांगावी. काम कमी करून किंमत कमी करावी. तासाचा भाव कमी करून किंमत उतरवू नये. नात्यातल्या माणसाला भेट द्यायची असेल तर आनंदाने द्यावी, पण वहीत 'भेट, १५ तास' असे लिहून ठेवावे.

शेवटचे काम विसरू नये. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, त्याच मशीनने, आपले नाव आणि वर्ष भरावे. जन्मभर ब्लाउज, फ्रॉक, गणवेश शिवणाऱ्या बाईचे नाव त्या कपड्यांवर कधी येत नाही. या चित्रावर ते आले पाहिजे. सरावाच्या आठवड्यात जुन्या चादरीवर आपले नाव काढायला सांगितले ते यासाठीच.